चारचा टेम्पो

(गोठा. दुपार. गाय खुंट्याला बांधलेली. डॉक्टरबाई खांद्यापर्यंत हातमोजा चढवताहेत.)

सासरे : ...आधीच सांगून ठेवतो, डॉक्टरबाई. गाय रिकामी निघाली तर चारला गुरांच्या व्यापाऱ्याचा टेम्पो येतोय. शब्द दिलाय मी.

सून : चारचा टेम्पो, चारचा टेम्पो! सकाळपासून दहा वेळा ऐकलं, बाबा.

सासरे : मग अकराव्यांदा ऐक. तीनदा भरवली, तीनदा उलटली, गाभ काही राहिला नाही. ही चौथी खेप. गोठ्यात काय शोभेला बांधायची?

डॉक्टरबाई : शेपूट धरा कुणीतरी. घट्ट.

सून : मी धरते. (गाईला) बाईसाहेब, हलायचं नाही हं! मी या घरात आले ना डॉक्टरबाई, त्याच आठवड्यात ही जन्मली. दिवसभर माझ्या मागे मागे. हिला टेम्पोत चढवलं तर मला नाही बघवायचं.

सासरे : म्हणून तर तुला हिच्या चाऱ्यासाठी पाच महिने दिले! अर्धं रान दिलं. आणि डॉक्टरबाई, या सूनबाईनं काय करावं? मक्यात चवळी पेरली. दोन ओळी मका, एक ओळ चवळी. तीही एकदम नाही, पंधरा-पंधरा दिवसांनी एकेक तुकडा. लोक विचारायचे, सूनबाईच्या हातून बियाणं सांडलं का म्हणून.

सून : आणि तुम्ही काय केलंत, तेही सांगा की. तण समजून चार ओळी चवळी उपटलीत!

सासरे : वेल मक्याच्या पायात येत होता. मला वाटलं, चांगलंच करतोय.

सून : वर मला हाक मारून दाखवलंत, "बघ, कसं लख्ख केलं!" हसावं की रडावं कळेना.

सासरे : बरं, ते राहू दे. फवारणीचं सांग. मक्याच्या पानांवर पांढरे पट्टे दिसले, तर ही पंप पाठीला लावून निघाली. काय तर म्हणे सूक्ष्म अन्नद्रव्य! डोळ्यांना दिसत नाही, त्याला अन्न म्हणायचं!

सून : माती तपासून आणली होती मी. झिंक कमी होतं. फवारल्यावर नवी पानं हिरवीगार आली की नाही?

सासरे : माझ्या अर्ध्या रानातला साधा मकाही काही वाईट नव्हता.

डॉक्टरबाई : जरा गप्प बसता का दोघं? हाताला काय लागतंय ते कळू दे.

सासरे : काय लागतंय?

डॉक्टरबाई : बाबा, आत्ता तर हात घातलाय!

सून : खरं सांगू का डॉक्टरबाई, आमचं ठरलं होतं. सकाळचा चारा बाबांच्या रानातला, संध्याकाळचा माझ्या. पण माझाच चारा चोरीला जायला लागला. रोज सकाळी बघावं तर दोन ओळी गायब!

डॉक्टरबाई : चोरी? अहो, बाबांनी नाही का मला फोन केला, झिंक फवारल्यावर किती दिवसांनी कापू म्हणून?

सासरे : डॉक्टरबाई, तुम्ही गाईकडे लक्ष द्या.

सून : कधी केला फोन?

डॉक्टरबाई : साडेतीन महिने झाले असतील. मी म्हटलं, पंधरा दिवस थांबा. तर म्हणाले, "सोळाव्या दिवसापासून सकाळीही सूनबाईचाच चारा घालतो, पण घरात बोलू नका." अगं बाई, बोलून बसले की!

सून : म्हणजे चोर तुम्ही? आणि मी शेजारच्या काकूंवर संशय घेऊन तीन महिने त्यांच्याशी बोलत नाहीये!

सासरे : काय करू मग? माझा मका टाकला की हुंगून तोंड फिरवायची. तुझी चवळी दिसली की दावं तोडायला बघायची. मुक्या जनावरापुढं कसला हट्ट? हट्ट काय तो तुझ्यापुढं.

सून : मला सांगायला काय झालं होतं?

सासरे : तीस वर्षं चारा पिकवतोय मी. जीभच वळेना.

डॉक्टरबाई : थांबा.

सून : काय झालं?

डॉक्टरबाई : शेपूट सोडू नका.

सासरे : अहो बोला ना बाई, जीव टांगणीला लागलाय इथं!

डॉक्टरबाई : गाभण आहे. अडीच महिने.

सून : अगं माझी बाईसाहेब! बाबा, ऐकलंत?

सासरे : ऐकलं. पुन्हा एकदा सांगा, डॉक्टरबाई.

डॉक्टरबाई : गाभण आहे, बाबा. नुसत्या चाऱ्यानंच झालं, असं मी म्हणणार नाही. पण गाय अंगानं छान भरलीय. आहे तोच चारा चालू ठेवा.

सून : आनंदानं मला काही सुचत नाहीये.

सासरे : मी सुचवतो. आधी काकूंकडे जा, माफी माग.

सून : मी? माफी चोरानं मागायची!

सासरे : बरं बाई, दोघं जाऊ.

सून : आणि टेम्पो? व्यापाऱ्याला फोन करून सांगू का, येऊ नको म्हणून?

सासरे : छे, छे! येऊ दे की. फक्त येताना चवळीचं बियाणं घेऊन ये म्हणावं. सगळ्या रानाला पुरेल इतकं.