गाडीचं तोंड दक्षिणेला

सोलोंगो : पंखा बघा आजोबा, कसा वेड्यासारखा फिरतोय! आणि वारा? माझ्या पापण्यांवरचं हिमसुद्धा वितळत नाहीये त्यानं!

आजोबा : फिरतोय ना? मग होईल गरम. हळूहळू.

सोलोंगो : सकाळपासून हळूहळूच चाललंय. तोवर माझी बोटं गळून पडतील, मग शाळेत परीक्षा काय नाकानं लिहू?

आजोबा : बाही खाली ओढ. देलच्या अंगरख्याला लांब बाह्या कशाला शिवतात?

सोलोंगो : माझं जाऊ द्या हो. मी काय, थंडीतच वाढलेली. पण नुकतं जन्मलेलं बाळ! सारनाईताई काल फोनवर काय म्हणाली ते ऐकलंत ना?

आजोबा : मी मेंढ्या आत घेत होतो.

सोलोंगो : मेंढ्या केव्हाच आत गेल्या होत्या. तुम्ही आईच्या पाठीमागे उभे राहून सगळं ऐकत होतात. ताई म्हणाली, “आजोबांच्या जीपमध्ये मी माझ्या बाळाला नाही आणायची. गारठून जाईल. तोमोरचा मित्र त्याची मोटार देतोय, तिच्यात काचा बंद केल्या की घाम फुटतो.”

आजोबा : घाम फुटतो म्हणे. मग ती मोटार नदीच्या बर्फावरून कशी आणतात तेही बघू.

सोलोंगो : म्हणजे ऐकलंतच की!

आजोबा : गरम पाण्याची तोटी पुरती उघडली आहेस ना? ती बघ आधी. बडबड नंतर.

सोलोंगो : उघडली. शेवटपर्यंत. थांबा, मी खालच्या नळ्यांना हात लावून बघते... आई गं! ही चटका देतेय. आणि ही दुसरी... आजोबा, ही तर बर्फ आहे बर्फ!

आजोबा : एक गरम, एक गार?

सोलोंगो : हो! म्हणजे इंजिनाचं गरम पाणी गरम वाऱ्याच्या पेटीच्या दारापर्यंत येतंय आणि तिथंच थांबतंय. आत जातच नाही. पेटी आतून तुंबली असेल.

आजोबा : तुंबली नाही. थंडी पडायच्या आधी मी ती उतरवली, धुतली, तोंड लावून फुंकली. आरपार वारा गेला. पंखाही तेव्हाच बदलला. तुझ्या आजीनं बॉनेटवर घालायला लोकरीच्या नमद्याची ही गोधडी शिवली होती, ती सांधून घेतली. आणखी काय करायचं राहिलं या गाडीचं?

(आई गेरचं, त्यांच्या गोल तंबूघराचं, दार ढकलून बाहेर येते. हातात वाफाळती किटली.)

आई : काय ठरलं दोघा मिस्त्रींचं? आत खिम्याचे बूझ वाफवून झालेत. बाळाच्या पाळण्याखाली घालायला कोकराचं कातडंही झाडून ठेवलंय. बाळ तेवढं यायचं बाकी आहे. काय कळवू सारनाईला? दुपारच्या आत नाही कळवलं तर तोमोर त्या मोटारीचं पक्कं करील.

आजोबा : करू दे पक्कं.

आई : बाबा, रुसू नका.

आजोबा : मी कशाला रुसू? तुला दवाखान्यातून आणलं ते याच गाडीतून. तुझ्या भावांना आणलं. सारनाईला आणलं, या चुरूचुरू बोलणारीला आणलं. तेव्हा नाही कुणी गारठलं. आता मोटारी आल्या, घाम फुटायला लागला. चालू दे.

आई : बघ, हे असं कालपासून चाललंय. पोटात एक, ओठांत एक.

सोलोंगो : आई, तू जरा थांब. मला काहीतरी सुचतंय. सुचतंय, सुचतंय... अगं, आमच्या वसतिगृहातल्या खोलीसारखं आहे हे! आमची खोली सगळ्यात वर. दर वर्षी पाइपात गरम पाणी सोडलं की खालच्या मुली मजेत आणि आम्ही कुडकुडतोय. मग वॉर्डनबाई किल्ली घेऊन येतात, पाइपाचा एक स्क्रू सैल करतात. फुस्स्स! एवढी हवा निघते! ती निघाली की पाणी वर चढतं आणि आमच्या खोलीत उन्हाळा. हवा नेहमी सगळ्यात वर जाऊन बसते आणि पाण्याला आत येऊ देत नाही!

आजोबा : या गाडीला कुठं आहे वरचा मजला?

सोलोंगो : आहे! इकडे या, माझ्याशेजारी उभे राहा. बघा, गाडी उतारावर उभी आहे. नाक खाली. आपण पाणी ओततो ते भोक नाकापाशी, म्हणजे खाली. आणि गरम वाऱ्याची पेटी आपल्या पायांपाशी, म्हणजे वर. गोठू नये म्हणून रोज रात्री तुम्ही पाणी काढून टाकता, रोज सकाळी आई तापवून देते, तुम्ही ओतता, भोकाशी आलं की झाकण लावता. नाकापर्यंत भरलं, पण पेटीत नुसती हवा!

आजोबा : मागच्या हिवाळ्यातही रोज काढत होतो, रोज भरत होतो.

आई : मागचा तळ सपाट होता, बाबा. ताटासारखा. यंदा तिकडे गवत नव्हतं म्हणून या डोंगराच्या कुशीत आलो.

सोलोंगो : बघा! बघा! म्हणजे काहीच बिघडलेलं नाही. गाडी फिरवायची, नाक डोंगराकडे वर करायचं आणि...

आजोबा : नाही.

सोलोंगो : पूर्ण ऐका तरी!

आजोबा : ऐकलं. गेरचं दार दक्षिणेला. गाडीचं तोंड दक्षिणेला. घरात आली त्या दिवशी माझ्या आईनं तिच्या चाकांवर दूध शिंपडलं आणि तिला अशी उभी केली, सूर्याकडे तोंड करून. त्यानंतर जिथे जिथे तळ पडला तिथे ती अशीच उभी राहिली. आता सूर्याकडे पाठ करायची? आज? बाळ यायच्या दिवशी?

आई : मग एक करू. गाडी राहू दे, डोंगर उचलून पलीकडे ठेवू.

आजोबा : तू तिला फूस लावू नको, दुल्मा.

सोलोंगो : आजोबा, फक्त पाणी भरेपर्यंत! एक किटलीभर!

आजोबा : पाणी पिताना जनावर मान खालीच घालतं.

सोलोंगो : स्वतः पितं तेव्हा! हिला तर आपण पाजतो. आजारी कोकराला औषध पाजताना काय करता तुम्ही?

आजोबा : काय करणार? गुडघ्यात धरतो.

सोलोंगो : आणि मान?

आजोबा : हनुवटीला बोट लावून जराशी वर.

सोलोंगो : का बरं?

आजोबा : का म्हणजे? खाली धरलं तर सगळं तोंडातच राहतं. बाहेर ओघळतं. पोटापर्यंत पोचत ना...

सोलोंगो : हं. बोला ना पुढे.

आई : का थांबलात, बाबा?

आजोबा : दोघी मायलेकी मिळून म्हाताऱ्याला कोंडीत पकडता.

सोलोंगो : आम्ही कुठे काय म्हणालो? तुम्हीच म्हणालात!

आजोबा : हो बाजूला. चाकाखालचा दगड काढ. त्या बाजूचा पण. आणि दुल्मा, किटली आत ठेव शेगडीवर, निवेल ती.

आई : गोवऱ्या घालूनच आले आहे. चांगल्या पेटल्यात.

आजोबा : हां, आता बघ मागं कुत्रं बसलंय का. हाकल त्याला.

सोलोंगो : हाकललं! या, या, अजून... आता वळवा... आजोबा, केवढा मोठा वळसा घेताय! गेरमधल्या बूझवरून नेताय काय?

आजोबा : तू दगड लावायला तयार राहा. तोंडाचं दार बंद.

सोलोंगो : लावला दगड! बघा, कशी ऐटीत नाक वर करून बसली! आता मी नळीचा पट्टा सैल करते. पेचकस द्या. मोठा नको, तो लाकडी मुठीचा.

आजोबा : अर्धा आटाच सोड. जास्त नको. गरम पाणी आहे, हात भाजून घेशील, मग तुझी आजी स्वर्गातून मला शिव्या घालील. हातमोजा घाल.

सोलोंगो : घातला. सोडते... ऐका! ऐकलंत? फुस्स! आई, बाहेर ये! किटली घेऊन ये! हवा निघतेय, खोकतेय बघ कशी!

आई : आले, आले. ओतू?

आजोबा : थेंब थेंब. घाई केलीस तर पुन्हा हवा धरेल. हं. थांब. बुडबुडे येऊ दे. आता आणखी.

आई : बाई गं, किती पितेय ही! सगळी किटली संपत आली.

आजोबा : उपाशी होती. मी रोज अर्ध्या पोटी राबवत होतो तिला.

सोलोंगो : नळीतून पाणी आलं! हवा नाही, नुसतं पाणी! आवळते. आवळलं. आजोबा, आत बसा, पंखा लावा. आई, तू पण बस. दार ओढा. सगळे गप्प. कुणी श्वास पण घेऊ नका.

आई : तू गप्प राहिलीस तर निम्मं काम होईल.

सोलोंगो : ओढलं दार. लावा पंखा.

आई : बाबा?

आजोबा : हं.

सोलोंगो : हं काय! हात ठेवा ना तिथे! माझ्या गुडघ्यांना लागतंय! दुसरी नळी पण तापली! आई, तुझा चष्मा बघ, धुक्यानं भरला! आजोबा, तुम्ही टोपी काढलीत!

आजोबा : उकडायला लागलं.

आई : उकडायला लागलं म्हणे. घाम फुटला का?

आजोबा : दुल्मा, तू जाऊन तुझे बूझ बघ.

सोलोंगो : मी ताईला फोन लावते. गोवऱ्यांच्या ढिगावर चढल्याशिवाय लागत नाही, दार उघडते, हां. गरम वारा धरून ठेवा!... ताई? ताई, ऐक, झालं! अगं काय झालं म्हणजे काय, गाडी! अशी गरम की आजोबांनी टोपी काढली! हो, आजोबांनी! खोटं नाही! आई बसलीय ना आत, तिला विचार... आजोबा, ती विचारतेय, तोमोर भावजींनी मित्राला काय सांगायचं?

आजोबा : ते त्यांचं त्यांनी बघावं.

आई : पुन्हा तेच!

सोलोंगो : ताई म्हणतेय, तुम्ही काय ते सांगा. तुम्ही यायचं म्हणालात तर ती मोटारीला नको म्हणते. तिला तुमच्याच तोंडून ऐकायचंय.

आजोबा : आण इकडे फोन.

सोलोंगो : इकडे नाही आणता येत! इथून खाली उतरले की फोन जातो! तुम्हीच ओरडा, मी सांगते तिला.

आई : बाबा, गाडी आधी दक्षिणेला फिरवायची का? मग सांगा.

आजोबा : राहू दे. डोंगराकडे बघतेय, डोंगराला काही वाईट वाटणार नाही. निघताना वळेलच ती.

सोलोंगो : आजोबा! ताई थांबलीय!

आजोबा : सांग तिला, मी निघालो. आणि म्हणावं, घाई करू नको. बाळ झोपलं असलं तर उठवू नको. मी गाडी चालू ठेवून दवाखान्याच्या दाराशी थांबतो.