तेवीस जणांच्या नोंदी

(केंटकीच्या डोंगरातलं एक गाव. दुपार. मार्ला कपड्यांची बॅग भरते आहे. तिची आई ओलेटा दारात उभी.)

ओलेटा : मला वांडानं सांगावं? चर्चच्या अंगणात हात धरून म्हणते, "मार्लाचं ऐकून वाईट वाटलं हो." कशाचं वाईट, मला काय ठाऊक. मी आपली मान हलवली.

मार्ला : वांडाला कुणी सांगितलं?

ओलेटा : त्या पोलिसातल्या वेडच्या बायकोनं.

मार्ला : म्हणजे वेडनं पोलीस म्हणून कॉम्प्युटरवर औषधांच्या सरकारी नोंदींत माझं नाव शोधायचं, आणि बायकोनं ते चर्चमध्ये वाटायचं.

ओलेटा : तुमच्या नर्सिंग होममधून मॉर्फिनच्या चाळीस गोळ्या गेल्या होत्या. पोलिसांनी काय हातावर हात ठेवून बसायचं?

मार्ला : गेल्या नव्हत्या. वरच्या मजल्यावरच्या कपाटात सापडल्या. पण तोवर आम्हा तेवीस जणांची औषधं त्यानं वाचून काढली होती. कोण झोपेची गोळी घेतं, कोण धास्तीची. आणि मी काय घेते ते.

ओलेटा : सुटलीस ना पण त्यातून?

मार्ला : सुटले. फक्त औषधांच्या कपाटाची किल्ली आता मला देत नाहीत. मोठ्या नर्सबाई बोलताना माझे डोळे तपासतात. म्हणून नोकरी सोडली. डेटनला जाते आता, तिथं कुणी ओळखत नाही मला.

ओलेटा : ते औषध म्हणजे नशाच की एक.

मार्ला : नशा सुटावी म्हणून घेतात ते, आई. पेशंट उचलताना कंबर गेली, डॉक्टरनं दुखणं थांबवायच्या गोळ्या दिल्या. मग त्या सुटेनात.

ओलेटा : कुठल्या डॉक्टरनं?

मार्ला : कुठल्या काय. आपल्या क्लेटनला गोळ्या देणाऱ्याच.

ओलेटा : ...त्याला धरला तो नोंदी उघडणाऱ्या याच कायद्यानं, हे विसरू नकोस. तुझ्या भावाला, क्लेटनला पुरून वर्ष झालं नव्हतं, तेव्हा त्याचा फोटो घेऊन मी आमदारांपुढे उभी राहिले. म्हटलं, पोलिसांना नोंदी बघू द्या. कोर्टाच्या परवानगीची वाट बघाल तोवर आणखी कुणाचं तरी पोर जाईल. नोंदी उघडल्या तेव्हा कळलं, दिवसाला साठ साठ जणांना गोळ्या लिहून देत होता मेला.

मार्ला : माहीत आहे. राजधानीला तुला मीच घेऊन गेले होते.

ओलेटा : तेव्हा तू...

मार्ला : सकाळी त्याच्याच दोन गोळ्या घेऊन गाडी चालवली होती.

ओलेटा : आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस.

मार्ला : त्याच दिवशी तू म्हणालीस, औषध देऊन नशा सोडवायचे हे असले उपचार म्हणजे एक बाटली सोडून दुसरी धरायची. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

ओलेटा : मंगळवारी परत बोलावलंय मला. कुणी नवा आमदार म्हणतोय, न्यायाधीशाला विचारल्याशिवाय नोंद उघडायची नाही. मी विरोधात बोलायचंय. लिहूनही ठेवलंय.

मार्ला : बोल की.

ओलेटा : टोमणा मारतेस?

मार्ला : नाही. तो डॉक्टर मोकळा राहिला असता तर मी आज नसते. ते सांग. पण वेडचंही सांग. तेवीस जणांत नेमका संशय कुणावर, एवढं त्याला कुणीतरी विचारायला हवं होतं.

ओलेटा : दोन्ही सांगितलं तर म्हणतील, बाई, तुम्ही आहात तरी कुणाच्या बाजूनं?

मार्ला : म्हणतील.

ओलेटा : आणि तुझं नाव घेऊ?

मार्ला : नको. तेवढं माझ्याकडे राहू दे.

ओलेटा : बरं. ...रोज घ्यावं लागतं ते?

मार्ला : रोज सकाळी. जिभेखाली धरायचं, विरघळेपर्यंत गप्प बसायचं.

ओलेटा : या घरात मला कधी दिसलं नाही ते.

मार्ला : अंगणात घ्यायचे, गाडीत बसून. इंजिन तापवतेय म्हणून सांगायचे तुला.

ओलेटा : त्या डॉक्टरला धरल्यापासून? चार वर्षं?

मार्ला : हो.

ओलेटा : खिडकीतून दिसायचीस मान खाली घातलेली. मला वाटायचं, क्लेटनसाठी प्रार्थना करतेस. म्हणून कधी हाक मारली नाही.