बैल भूमितीवर अडला

नाही, पण तुम्हीच सांगा मंडळी, बहिणीचे शाळेतले विषय ठरवायचे तर त्यात बैलाचं मत कशाला हवं? ...हसा, हसा! तुम्हाला हसायला काय जातंय, तुमच्या पानवेली नाही सुकल्या, माझ्या सुकल्या. त्या वर्षी चार दिवस वाडीत थेंब नाही, आणि सगळं बोळिंज गाव कुंपणावरून डोकावून विचारतंय, "काय रे दिनानाथ, रहाट बंद का?" आता काय सांगू? शरीरशास्त्रामुळे बंद आहे म्हणून सांगू? मी आपला पाचवी शिकलेला माणूस, मला काय विचारता!

तसा मी बोलणारा नव्हे, तुम्हाला ठाऊक आहे. ओटीवर चार माणसं बसलेली दिसली की मी मागच्या दारानं घरात शिरतो. माझ्याच घरात हो! पण आज विचारलंत ना, मग आता ऐका.

वडील गेले तेव्हा मी पाचवीत. तेरावं झालं, दप्तर खुंटीला लागलं आणि मी रहाटाला लागलो. आता रहाट म्हणजे दोघांचं काम. एकानं विहिरीवर बैल फिरवायचा, दुसऱ्यानं वाडीत पाणी मोडायचं, केळी भिजल्या की पाट पानवेलीकडे वळवायचा. बैलाच्या डोळ्यांवर झापडं, त्याला काही दिसत नाही. मागं माणूस आहे की नाही हे त्याला कळायचं कसं, तर आवाजावरून. आवाज आहे तोवर चालणार, आवाज थांबला की उभा! म्हणून रहाटावरचा माणूस सारखं काहीतरी म्हणत असतो. आमचे वडील गायचे, अर्ध्या गावाला ऐकू जायचं. आणि मी? मला लाज वाटते हो! एकटा असलो तरी वाटते. बैलासमोर वाटते!

मग जयवंती बसायला लागली. माझी धाकटी बहीण. शाळेच्या आधी तासभर, शाळेतनं आल्यावर तासभर, रहाटाच्या दांडीवर बसून गरगर फिरत मोठ्यानं पाठ करायचं. तिचा अभ्यास होतो, बैल चालतो, मला गावं लागत नाही. सगळ्यांची सोय! पण नववीत तिला भूमिती लागली, आणि नेमका त्याच महिन्यात आमचा नवा बैल आला. बुध्या. बुधवारी आणला म्हणून बुध्या. अगदी कोरा बैल! रहाट कधी पाहिलेला नाही. त्याला जुंपला, झापडं बांधली, आणि त्याच्या कानावर पहिली हाक पडली कुठली? "समद्विभुज त्रिकोणाच्या पायाजवळचे कोन समान असतात!"

झालं. त्यानं तेच धरलं. त्याला वाटलं, चाल म्हणायचं असलं की माणसं असंच म्हणतात.

आणि सिद्धान्त संपला की जयवंती म्हणायची, "हेच सिद्ध करायचे होते," आणि पान उलटायला थांबायची. तिथं बुध्याही थांबायचा. पुढचा सिद्धान्त सुरू, बुध्या सुरू. मी इकडे केळीत घोटाघोटा चिखलात उभा. पाटाचं पाणी थांबलं की मला कळायचं... सिद्ध झालं!

दीड वर्ष असं सुखात गेलं. मग दहावी निम्मी झाली आणि शाळेनं एक कागद धाडला. पुढं मॅट्रिकला कोणते विषय घेणार ते लिहा... आता त्याला एस. एस. सी. म्हणतात, पण आमच्याकडे अजून मॅट्रिकच. तर विषय लिहा, खाली पालकाची सही, आणि पालकांनी स्वतः येऊन हेडमास्तरांना भेटावे. पालक कोण? मी! वय बावीस, आणि मोठ्या माणसासमोर तोंडातून शब्द फुटेल तर शपथ!

घरात तर सभाच भरली. आई म्हणाली, "दिना, शरीरशास्त्र घाल हो तिला. त्या हंसाच्या मुलीनं तेच घेतलंय. घरात दुखलंखुपलं तर उपयोगी पडेल. गणित शिकून काय करणार आहे, केळीचे कोन मोजणार आहे?" नरहरीकाका तपकीर ओढत म्हणाले, "संस्कृत! मी सांगतो, संस्कृत! या घरात एकाला तरी धड स्तोत्र म्हणता येऊ दे." आणि म्हणजे काकांना स्वतःला येत नाही, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं, पण बोलणार कोण?

जयवंती सभा उठेपर्यंत थांबली. मागून वाडीत आली. म्हणाली, "दादा, मला गणित हवंय. आत्ता गणित सोडलं तर पुढं सायन्सचं दार बंद. माझ्या वर्गातली सालोमी घेतेय, तिच्या घरात कुणी काही म्हणालं नाही. तू एकच शब्द बोल. गणित. बोलशील?"

म्हटलं, बोलेन. एक शब्द तर बोलायचाय!

मी घरापासून शाळेपर्यंत तो शब्द घोकत गेलो. गणित, गणित, गणित. वाटेत शेजारचा श्रीपत भेटला, म्हणाला, "कुठं चाललास?" मी म्हटलं, "गणित." शाळेत पोचलो. हेडमास्तरांनी मान वर न करता विचारलं, "मुलगी ना? शरीरशास्त्र घालतो. मुलींना बरं पडतं. बरोबर?"

आणि मी... मी मान हलवली.

अहो, हो म्हणून नाही हलवली! कुणी मोठ्या माणसानं "बरोबर?" म्हटलं की माझी मान आपली आपण हलते, मला विचारत नाही. त्यांनी लिहिलं, टीपकागद दाबला, कागद पुढं सरकवला, मी सही केली. सही मात्र सुरेख आली. मी आपला पाचवी शिकलेला माणूस, सहीपुरतं येतं मला.

घरी आलो तर जयवंती दारात. "बोललास?" मी मान हलवली. "गणित म्हणालास?" आता मात्र मान हलेना! मघाशी कशी हलली होती सटासट!

ती रडली असती तर बरं झालं असतं हो. रडली नाही, ओरडली नाही. भूमितीचं पुस्तक सालोमीचं होतं, ते कापडात गुंडाळून परत देऊन आली. दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखी दांडीवर बसली, नवं पुस्तक उघडलं आणि वाचायला लागली, "दातांची निगा. दात रोज दोन वेळा स्वच्छ घासावेत."

बुध्या उभा.

"अन्न नीट चावून खावे."

बुध्या उभा! शेपटीनं एक माशी उडवली, तेवढंच. मी केळीतून ओरडलो, "अगं, मोठ्यानं!" तर म्हणाली, "मोठ्यानंच वाचतेय, दादा." आणि खरंच मोठ्यानं वाचत होती. आवाज तोच होता. पण कसं सांगू... रिकाम्या घागरीसारखा येत होता. बैलाला कळलं, आणि माझ्यासारख्या सख्ख्या भावाला कळायला चार दिवस लागले!

म्हटलं, "मग म्हण ना बाई ते तुझं समद्विभुज!" तर म्हणते, "कशाला? तो माझा विषय नाही." खलास!

मग काका सरसावले. "सरक! बैलाला चालवायचं कसं ते मी दाखवतो." दांडीवर बसले आणि स्तोत्र सुरू केलं. दुसऱ्या ओळीला बुध्या खाली बसला. उभा होता तो बसला हो! आई म्हणाली, "भावजी, उतरा आता, नाहीतर लोळेल." मी काठी उगारली, तर तो काठीकडे तोंड करून रवंथ करायला लागला. मग मी गायला गेलो... नको, ते सांगत नाही. मी हातानं घागरी ओढल्या. दिवसभर ओढून अर्धी ओळ भिजली. चौथ्या दिवशी पानवेलीची पानं अशी खाली लोंबायला लागली, आणि आई मला विचारते, "दिना, आता काय करायचं रे?" मी आपला पाचवी शिकलेला माणूस, मला काय विचारता!

पण जायचं तर मलाच होतं. पाचव्या दिवशी परत शाळेत. या खेपेला एक शब्द नाही, अख्खं भाषण पाठ केलं. बहीण हुशार आहे, तिला पुढं शिकायचं आहे, वडील असते तर त्यांनी नाही म्हटलं नसतं... असं सगळं. आत गेलो. हेडमास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. "बोला."

"विषय बदलायचाय, साहेब."

"कारण?"

आणि माझ्या तोंडून निघालं काय? "बैल चालत नाही."

कोपऱ्यात कारकून लिहीत होता, त्याचा टाक थांबला. हेडमास्तर म्हणाले, "काय?"

"शरीरशास्त्रावर बैल चालत नाही, साहेब. संस्कृतावर बसतो."

"आणि गणितावर?"

"भूमितीवर अख्खी वाडी भिजते, साहेब!"

त्यांनी खुर्ची मागं सारली. म्हटलं, आता शिपायाला बोलावतात. तर म्हणाले, "बैल चालतो ती भूमिती जरा ऐकू द्या."

"मी कशी म्हणणार साहेब, मी आपला पाचवी..."

"म्हणा!"

आता मोठ्या माणसानं "म्हणा" म्हटलं! मी डोळे मिटले. डोळे मिटले तसा मला रहाट दिसला, आणि सुरू झालो, "त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन असते... चल... शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढा... हं, वळ... व्युत्क्रम कोन समान... चल रे राजा..." आणि तुम्हाला सांगतो मंडळी, मी चालत होतो! हेडमास्तरांच्या टेबलाभोवती! एक हात असा दांडीवर ठेवल्यासारखा, बोलतोय आणि फिरतोय, फिरतोय आणि बोलतोय. "...हेच सिद्ध करायचे होते!" म्हटलं आणि थांबलो. डोळे उघडले तर खिडकीत सगळी अकरावी!

धरणी दुभंगेल तर बरं असं झालं मला. पण हेडमास्तर हसले नाहीत. चष्मा काढून पुसला. "ह्या पोरांतल्या अर्ध्यांना व्युत्क्रम कोन म्हणजे काय ते ठाऊक नाही," म्हणाले. मग तो कागद काढला, शरीरशास्त्रावर आडवी रेघ मारली, वर गणित लिहिलं. आणि सही घेताना विचारलं, "वय काय तुमचं?" म्हटलं, बावीस. "हं," म्हणाले. नुसतं हं. त्या हंचा मला तेव्हा संशय यायला हवा होता!

पुढची दीड वर्षं विचारू नका. पोरीपेक्षा घरालाच परीक्षा. दिवा पुरतो का बघ, आईची कुरकुर ऐक, काकांचा टोमणा गिळ. परीक्षेला तिची सोय माणिकपूरला, सालोमीच्या मावशीकडे, आल्बिनाबाईंकडे. आईनं वेगळं भांडं दिलं, वेगळा स्टोव्ह दिला, सुकेळीचा, आमच्याच वाळवलेल्या केळ्यांचा, अख्खा पुडा दिला. सुकेळी सगळी आल्बिनाबाईंनी खाल्ली, आणि स्टोव्ह पेटलाच नाही, पोरगी तिच्याच चुलीवरचं जेवली, हे आईला अजून कुणी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

पण ती तिकडे गेली आणि इकडे रहाटावर कोण? मी! मग म्हणावं लागलं हो. आधी हळू, मग मोठ्यानं. कुंपणापलीकडून श्रीपत विचारायचा, "दिनानाथ, आज कितवा?" एक दिवस एका सिद्धान्तात मधलंच वाक्य आठवेना. बुध्या उभा. मागं जाऊन पुन्हा म्हटलं, परत तिथंच अडलो. बुध्या उभाच! शेवटी खाली उतरलो, ओल्या मातीत काठीनं वर्तुळ काढलं, जीवा काढली, मध्यातून लंब टाकला, आणि बघत बसलो... आणि सुटलं! पुस्तकातलं वाक्य नव्हतं ते, माझंच होतं. पण बुध्या त्यावरही चालला. मी त्या दिवशी पाणी मोडायचं विसरलो. सगळं पाणी एकाच केळीला.

जयवंती पास झाली. चांगली पास झाली. मुंबईला कॉलेजात चाललीय, सायन्सला. म्हटलं, सुटलो! तर परवा हातात एक कागद घेऊन रहाटावर आली. "दादा, हेडमास्तरांनी दिलाय. बाहेरून मॅट्रिकला बसता येतं. नाव मी भरलंय तुझं." बघतो तर खाली सही, पालक म्हणून, जयवंतीची! म्हटलं, अगं, असल्या कागदावर पालक लागत नाही. म्हणाली, "लागतो. तू मान हलवतोस." आणि वर म्हणते, "विषय तेवढे तू निवड."

झाली पुन्हा सभा! आई म्हणते, "दिना, शरीरशास्त्र घे, सोपं असतं." काका म्हणतात, "संस्कृत!" मी म्हटलं, घरात भांडण नको, रहाटावरच काय ते ठरू दे. आज पहाटे दांडीवर बसलो. दातांची निगा वाचली. बुध्या उभा. काकांचं स्तोत्र म्हटलं. बुध्या बसला. इंग्रजीचं एक वाक्य म्हटलं, तर एक पाऊल टाकलं आणि विचारात पडला. मग म्हटलं, "समद्विभुज त्रिकोणाच्या..." पुढचं म्हणायचीही गरज पडली नाही. निघाला!

आता काय बोलणार, सांगा. जगात सगळ्यांचे विषय आईबाप ठरवतात, मास्तर ठरवतात. माझे बैलानं ठरवले. आणि त्याला विचारलं तर त्यानं माझ्यासारखी नुसती मान नाही हलवली. आणि तुम्हाला सांगतो, सगळ्यात वाईट काय झालं असेल, तर उद्या तुम्ही काही विचारलंत, आणि मी आपला पाचवी शिकलेला माणूस म्हणून सुटायला गेलो... तर तीही सोय आता वर्षभरापुरतीच उरलीय!