व्हिदालसाहेबांची तुटलेली तार

सन्माननीय अध्यक्ष बारेरमहाशय, मंचावरील मान्यवर, बोर्दोच्या आपल्या संगीत मंडळाचे आश्रयदाते, वादक मित्रहो, आणि आज व्हायोलिन खाली ठेवणारे आमचे अग्रवादक आन्सेल्म व्हिदालसाहेब!

गुणगान बरंच झालं. मी हॉर्नवाला, मला दमानं एकच गोष्ट सांगू द्या.

बावीस वर्षांपूर्वी मंडळानं पहिल्यांदाच स्वतःसाठी सिंफनी लिहून घेतली. रचनाकार होलूब बोहेमियाहून आले होते. पडली असती, तर मंडळानं पुन्हा कुणाला लिहायला सांगितलं असतं का? होलूबना तरी कुणी विचारलं असतं का? तालीम एकच, कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी.

संध्याकाळी कार्यक्रमात पहिला भाग संपला. टाळ्या थांबेनात, आणि मीही त्यात रमलो. आता, संथ भागात हॉर्नला सहसा कामच नसतं. होलूबनी मात्र तो हॉर्ननंच सुरू केला होता, वेगळ्या पट्टीत. पट्टी बदलली की हॉर्नच्या नळीचं वेटोळं बदलावं लागतं. मी विसरलो! पहिलेच दोन सूर असे निघाले की पुढच्या रांगेतल्या बाईंचा पंखा हातातून पडला.

तेवढ्यात 'टण्ण'! व्हिदालसाहेबांची तार तुटली. ते उठले. "माफ करा, चूक माझी. नवी तार लावतो आणि हा भाग पहिल्यापासून घेतो." आणि खाली बसता बसता माझ्याकडे बघून हळूच, "वेटोळं बदल, गाढवा!"

मागून कुणी ओरडलं, "अहो, जरा बरी तार घेत जा!" सभागृह खोखो हसलं. मग तो भाग असा रंगला की लोकांनी तो पुन्हा वाजवायला लावला. तरी नंतर होलूब त्यांच्यावर उखडलेच. "आजच्या दिवशी तरी तार तपासायची होती!"

"चुकलंच माझं," एवढंच साहेब म्हणाले.

तेव्हापासून अख्खं गाव त्यांना 'तारतोडे' म्हणतं. आज अध्यक्षांनीही म्हटलं, आपण हसलो. पण मी त्यांच्या समोर बसलो होतो, मंडळी. त्यांचा हात खुंटीवर होता. तार तुटेपर्यंत त्यांनी ती पिळली. हे मला ठाऊक होतं आणि बावीस वर्षं ते सांगायला मी भ्यालो. याची मला फार लाज वाटते.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. त्या संध्याकाळचं मात्र सांभाळून घेऊ नका. व्हिदालसाहेब, चूक माझी होती, मला क्षमा करा. आणि मंडळी, यांचं ते टोपणनाव आजपासून मला द्या.