साबण न लावलेलं बोट

थोरली : परत टोचणार? बाई, रक्तपेढी उघडताय का?

नर्सबाई : आकडा पटत नाहीये म्हणून. हंगामाआधी तुझ्या रक्ताचा थेंब टाकला, तेव्हा तपासणीची नळी लिंबाच्या सालीसारखी पिवळी झाली होती. आज बघ, धुवून काढल्यासारखी. तेव्हाचे शंभर धरले, तर आज एक्केचाळीस.

थोरली : म्हणजे काय?

नर्सबाई : फवारणीचं औषध अंगात गेलं की रक्तातलं एक एन्झाइम मंदावतं. मग रंग चढत नाही. सत्तरच्या खाली गेलं की फवारणीचा पंप बंद. दोन महिने रोपं बांधायची.

थोरली : सोमवारपासून मी फवारणीच्या टोळीची मुकादम होणारे. बाबांचं सगळ्यांना सांगून झालंय.

धाकटी : दूधवाल्याला, शिंप्याला. शेजारचा कुत्रा तेवढा राहिलाय.

थोरली : तुझ्या का पोटात दुखतंय?

धाकटी : मी गणितात पहिली आले, तेव्हा बाबा काय म्हणाले? "बरं. जाताना पंखा बंद कर."

नर्सबाई : घरचं भांडण घरी. शाळेला सुट्टी म्हणून तुला मदतीला घेतलं. टोचण्याआधी हात धुवायचं काम तुझं. सगळ्यांचे धुतलेस ना? आधी साबण, मग स्पिरिट?

धाकटी : सोळा जणींचे धुतले.

नर्सबाई : जणी सतरा आहेत.

थोरली : माझ्या बोटावर नुसता स्पिरिटचा बोळा फिरवला हिने. मला वाटलं, घरचं गिऱ्हाईक म्हणून सवलत.

नर्सबाई : अगं, कातडीवरचं औषध थेंबात उतरलं की नळीतच घात करतं. धडधाकट माणूस आजारी दिसतं. पहिल्याच दिवशी शिकवलं होतं हे. विसरलीस?

धाकटी : नाही विसरले.

थोरली : मग?

धाकटी : मला वाटलं, एकदा तरी तुझा आकडा खाली यावा. घरात कायम तुझाच वर असतो, ताई.

थोरली : आणि माझी मुकादमी गेली असती तर?

धाकटी : तेच हवं होतं. सकाळपर्यंत. मग नळी बघितली आणि नको झालं.

नर्सबाई : तुझ्याशी मी नंतर बोलते. थोरले, चल नळावर. कोपरापर्यंत साबण लाव, नखांत घास.

(पाणी वाहतं. पुन्हा सुई, पुन्हा नळी. तिघी घड्याळाकडे बघत बसतात.)

धाकटी : चढतोय रंग. बाई, चढतोय ना?

नर्सबाई : चढला तेवढाच. अठ्ठावन्न.

धाकटी : अजून धुवूया. परत घासते मी.

नर्सबाई : हात स्वच्छ आहेत, बाळ. हे आतलंच आहे. थोरले, डोकं दुखतं? गरगरतं?

थोरली : आठ दिवस झाले. सोमवार होईपर्यंत गप्प राहायचं ठरवलं होतं.

नर्सबाई : सोमवार विसर. आजपासून पंपाला हात लावायचा नाही.

धाकटी : म्हणजे आजारी पडण्यातही तूच पुढे. आता बाबा तुझ्याच उशाशी बसणार.

थोरली : बसतील. पण मी भिंत धरून चालते, हे आठ दिवसांत त्यांना दिसलं नाही. परवा काय होतंय म्हणून विचारलंस ते तू.

धाकटी : काळजीने नाही विचारलं. मी तुझ्यावर जळते, म्हणून सारखी तुझ्याकडेच बघत असते.

थोरली : असू दे. बघत जा.