ताडपत्रीच्या शिडाची होडी

हसू नका, पण बारामतीतल्या माझ्या लाकडाच्या दुकानामागं मी वर्षभर खपून शिडाची होडी बांधली होती. बायको म्हणायची, "अवो, हितं ओढ्याला पानी न्हाय, अन् तुमी होडी करताय!" मी रंधा मारत राहायचो. तिचं इंदापूरकडचं माहेर उजनी धरणात गेलं, तेव्हापासून ती तिकडं फिरकली नव्हती.

होडी ट्रॉलीतून नेऊन उजनीत सोडली, ताडपत्रीचं शीड लावलं आणि तिला बसवलं. भीतीनं तिनं डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला. पाण्याबाहेर देवळाचं शिखर दिसलं, तशी म्हणाली, "थांबा. हितंच खाली आमचं घर हाय." आणि तिनं पदर सोडला.

"अगं, पदर पडला."

"पडू द्या. म्हायेरात कोण घेतं वो डोक्यावर?"