चार झाडांचा प्लॉट

मी खरं सांगत हुते, पण एकानंबी मानलं न्हाय बघा. कन्हेरी गावच्या बागेत पेरूच्या नव्या जातींची चाचणी चालली हुती अन् राखण माझ्याकडं. चाचणी बघणाऱ्या साहेबांनी एकेका जातीला चारच झाडांचा प्लॉट धरला. मी तवाच म्हणलं, "साहेब, चार झाडं म्हंजी पाव्हण्यांचा एक नाश्ता. जरा मोठा प्लॉट धरा."

"जुबेदामावशी, जागा कमी, जाती जास्त. तुम्ही पाखरं हाकला."

त्यातली एक जात साखरेवानी निघाली. मग बारामतीहून कुणीबी आलं, की साहेब त्याच झाडांकडं न्यायचे अन् पिशवी भरून द्यायचे. तोडणीला तिथं टोपलीभर माल निघंना. मालक म्हणले, "हिला फळच धरत न्हाय. उपटून टाका."

"धरलं हुतं, मालक. पाव्हण्यांनी खाल्लं. साहेबांनाच इचारा."

साहेब माझ्याकडं न बघता म्हणले, "मी एखाददुसरं दिलं असेल."

मालक तापले. "मग ज्यानं खाल्लं त्यानं उद्यापासनं कामावर यायचं न्हाय. राखणीला कोण हुतं?"

सगळं डोळ्यांनी बघितलेल्या तोडणीच्या बाया मान खाली घालून म्हणल्या, "जुबेदा."